उपनगरी वैतागाचे शब्द

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, आणि रेल्वेच्या राबत्याबरोबर रूढ होत गेलेले ‘सिग्नल’, ‘लेट’, ‘कॅन्सल’ हे इंग्रजी शब्द आज घाटकोपर-मुलुंडच्या फलाटांवर, तसेच अंधेरी-बोरिवलीच्या गर्दीत, संतापाचीच नावे होऊन बसले आहेत. रविवारी रूळ, सिग्नल व विजेच्या तारा यांच्या दुरुस्तीसाठी घेतला जाणारा ‘मेगाब्लॉक’ ही वस्तुतः तांत्रिक संज्ञा. परंतु आप्तांच्या लग्नाला निघालेल्या कुटुंबाच्या तोंडी ती सबंध दिवसाचा मनस्ताप व्यक्त करते. कारणाला इंग्रजी नाव आणि भावनेला ‘वैताग’, ‘कटकट’ हे घरचे शब्द, ही वाटणी मराठीने बव्हंशी टिकवली आहे, हे मला आशादायक वाटते. शिवकालीन राजव्यवहारकोशाने फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले, तरी ‘तक्रार’ आणि ‘हैराण’ मराठीत मुरलेच. ‘टेन्शन’ही तसेच मुरेल, त्याच्या हद्दपारीचा हुकूम काढण्यापेक्षा चिडचिड, जाच, उद्वेग यांतील सूक्ष्म भेद मुलांच्या कानी रोज पडतील अशी दक्षता आपण घ्यावी, कारण ज्याला आपल्या त्राग्याचे यथार्थ नाव ठाऊक असते, त्यालाच आपले गाऱ्हाणे सरकारदरबारी नेमकेपणाने मांडता येते.