गाडीची नवी बॅटरी घेताय? आधी तारीख बघा, मग किंमत

गेल्या उन्हाळ्यात रात्री दीड वाजता अब्बांना दवाखान्यात न्यायचं होतं. सेल्फ मारला तर नुसता टक्-टक् आवाज. शेजाऱ्याने रिक्षा काढली म्हणून वेळ निभावली. बॅटरी जेमतेम दीड वर्षाची होती. स्वस्तात मिळाली म्हणून घाईने घेतली होती, चूक माझीच. त्यानंतर मेकॅनिककडे बसून जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, जुनी बॅटरी लवकर का गेली ते शोधा. मीटर लावून बघायला पाच मिनिटं लागतात. रात्रभर बंद असलेल्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. कमी येत असतील तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा वायरिंगमध्ये दोष असू शकतो. १५ च्या वर जात असतील तर बॅटरी जास्त चार्ज होऊन तिचं पाणी उडतं. हा दोष तसाच ठेवलात तर नवी बॅटरीही त्याच वाटेने जाणार.

आता दुकानात काय बघायचं?

तारीख : बॅटरीवर तयार झाल्याचा महिना-वर्ष किंवा कोड असतो. तो दुकानदाराकडून वाचून घ्या. बॅटरी नुसती पडून राहिली तरी हळूहळू उतरते आणि तशीच राहिली तर आतल्या प्लेटा खराब होतात. शक्यतो दोन-तीन महिन्यांच्या आतलीच घ्या.

माप : गाडीच्या पुस्तिकेत अँपिअर-अवर लिहिलेले असतात, त्यापेक्षा कमी घेऊ नका. प्लस-मायनसची बाजूही जुळली पाहिजे. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी गाडी असेल तर साधी बॅटरी टिकत नाही, तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच लागते.

वॉरंटी : कार्डावर २४+२४ असेल तर चार वर्षं फुकट बदलून मिळेल असं समजू नका. पहिले २४ महिने फुकट बदल, पुढच्या २४ महिन्यांत नव्या बॅटरीवर फक्त सूट. पक्कं बिल घ्या आणि कार्डावर नंबर, तारीख, शिक्का तिथेच टाकून घ्या. जुनी बॅटरी उघडून, रंगवून विकलेला माल निम्म्या किमतीत मिळतो, पण त्याचा काहीच भरवसा नाही.

बॅटरीचा खरा दुश्मन ऊन. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर झिजते आणि थंडीच्या सकाळी दगा देते. म्हणून गाडी सावलीत लावा. पाणी भरायची बॅटरी असेल तर महिन्यातून एकदा बघून डिस्टिल्ड वॉटरच टाका, नळाचं पाणी किंवा ॲसिड नको. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी पुसून घ्या. गाडी पडून असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी फिरवून आणा.

आणि जुनी बॅटरी? ती दुकानातच परत द्या, किमतीत वजावट मिळते. गल्लीतल्या भट्टीवर शिसं वितळवलं की त्याचा धूर लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतो. दोन-चारशे रुपये जास्त मिळतात म्हणून तिथे देऊ नका. मुलं आपल्याच मोहल्ल्यातली आहेत.