तेलाचा नळ कोण बंद करतो?

‘ओपेकची उत्पादनकपात, तेलाचे भाव वधारले’ अशी बातमी आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वाचलीय. पण कमी माल विकून कुणी जास्त कसं कमावतं? कॉन्व्हेंटवालीचं मराठी जरा सांभाळून घ्या, आकडेमोड मात्र पक्की आहे!

समजा, एक देश रोज १०० बॅरल तेल ५० डॉलर भावाने विकतो. कमाई ५,००० डॉलर. आता सगळ्या तेल-उत्पादक देशांनी मिळून १० टक्के कपात केली. तेल महागलं म्हणून ट्रक, विमानं, कारखाने लगेच बंद पडत नाहीत. त्यामुळे थोड्या टंचाईनेही भाव बराच चढतो. तो ६५ झाला, तर ९० बॅरलचे ५,८५० डॉलर होतात. झाला की नाही फायदा?

इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला यांनी १९६० साली बगदादमध्ये ओपेक स्थापन केली. १९८२ पासून कुणी किती तेल काढायचं, याचा कोटा तिथे ठरू लागला.

पण खरी गोम पुढेच आहे. बाकीचे कपात करत असताना एकाने गुपचूप १०० बॅरलच विकले, तर त्याला ६,५०० डॉलर मिळतात! हा मोह प्रत्येकालाच होतो आणि कोटा मोडणाऱ्याला पकडायला पोलीस नसतो.

१९८० च्या दशकात हेच झालं. इतर सदस्य कोट्याबाहेर तेल विकत होते, शिवाय नॉर्थ सीचं तेलही बाजारात आलं. भाव टिकवण्यासाठी सौदीने आपलं उत्पादन रोजच्या सुमारे १ कोटी बॅरलवरून १९८५ च्या मध्यापर्यंत ३० लाखांच्याही खाली आणलं. शेवटी वैतागून नळ सोडला. १९८६ मध्ये भाव १० डॉलरच्या आसपास कोसळला!

२०१६ मध्ये रशियाही ओपेकच्या जोडीला आला. पण मार्च २०२० मध्ये, कोरोनामुळे मागणी घटलेली असताना, त्याने जादा कपात नाकारली. सौदीने उलट उत्पादन वाढवलं. भाव गडगडले, दोघांनाही चटका बसला आणि एप्रिलमध्ये रोज ९७ लाख बॅरलची कपात ठरली.

भारत ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो, म्हणजे याची झळ आपल्या खिशालाही बसतेच. तेव्हा कपातीची घोषणा वाचलीत, तर पुढच्या महिन्यात प्रत्यक्षात तेल किती निघालं, तेही नक्की बघा.