बॉल आपल्याकडे, सामना त्यांच्याकडे: ताब्याचा आकडा नेमकं काय सांगतो?

आजचा विषय तसा भांडणाचा आहे. आपली टीम हरते, पडद्यावर आकडे येतात आणि त्यात दिसतं की बॉल बहुतांश वेळ आपल्याच टीमकडे होता. मग वाद सुरू होतो. एक म्हणतो, ‘खेळलो आपणच, नशीब त्यांचं.’ दुसरा म्हणतो, ‘बॉल घेऊन काय लोणचं घालायचं होतं? गोल कुठंय?’ आज आपण या दोघांचंही नीट ऐकून घेणार आहोत. कारण आमच्या मते दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत. अडचण अशी की दोघंही एकाच आकड्याला वेगवेगळे प्रश्न विचारतायत.

सुरुवात एका सामन्यापासून करू. १ जुलै २०१८, मॉस्कोचं लुझ्निकी स्टेडियम, वर्ल्ड कपची बाद फेरी, स्पेन विरुद्ध रशिया. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, त्यामुळे तुमच्यापैकी अनेकांनी तो बघितलाही असेल. बाराव्या मिनिटाला रशियाच्या इग्नाशेविचकडून स्वयंगोल झाला आणि स्पेन पुढे गेलं. एक्केचाळिसाव्या मिनिटाला पिकेच्या हाताला बॉल लागला आणि झ्युबानं पेनल्टीवर बरोबरी साधली. त्यानंतर जादा वेळ धरून सव्वा तासाहून जास्त काळ स्पेन पास देत राहिलं. हजाराहून जास्त पास! सुमारे तीन-चतुर्थांश ताबा! आणि स्पेनच्या स्वतःच्या खेळाडूचा गोल मात्र एकही नाही. शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये अकिन्फेवनं कोके आणि आस्पास यांचे फटके अडवले, आणि रशिया ४-३ असं जिंकलं.

चार वर्षांनी, ६ डिसेंबर २०२२ ला, कतारमध्ये हाच सिनेमा पुन्हा लागला. समोर मोरोक्को. पुन्हा हजारावर पास, पुन्हा एकशेवीस मिनिटं, स्कोअर ०-०. गोलच्या चौकटीवर स्पेनचा फटका फक्त एक. शूटआउटमध्ये स्पेनला एकही गोल करता आला नाही.

आता स्पेनच्या चाहत्यांपुढचा प्रश्न नुसता चर्चेपुरता नव्हता. ज्या पद्धतीनं वर्ल्ड कप मिळवून दिला, ती टाकून द्यायची का?

याचं उत्तर शोधण्याआधी हा आकडा येतो कुठून ते बघू. आपल्याला वाटतं, कुणीतरी स्टॉपवॉच घेऊन बसलेलं असतं. तशीही मोजणी होते, पण अनेक ठिकाणी हिशोब वेगळा असतो: सामन्यातल्या एकूण पासपैकी तुमचे पास किती टक्के? म्हणजे आपल्याच दोन बचावपटूंनी एकमेकांना दहा वेळा बॉल दिला की ताबा वाढला. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये फिफानं तर तिसरा रकाना केला: बॉल कुणाच्याच पक्क्या ताब्यात नसलेला वेळ. पण यातल्या कुठल्याही पद्धतीत एक गोष्ट मोजली जात नाही. बॉल मैदानात कुठे होता? मधल्या रेषेवरचा पास आणि पेनल्टी बॉक्समधला पास, दोघांची किंमत इथे एकच.

दुसरी गोष्ट. आपण समजतो की ताबा आधी आणि निकाल नंतर. पुष्कळदा हे उलटं असतं. ७ नोव्हेंबर २०१२ ला ग्लासगोमध्ये सेल्टिकनं बार्सिलोनाला २-१ असं हरवलं. बार्सिलोनाचा ताबा ऐंशी टक्क्यांच्या वर होता. पण सेल्टिकचा पहिला गोल एकविसाव्या मिनिटालाच झाला होता! आघाडी मिळालेली टीम मागे सरकते, दारं-खिडक्या लावून बसते आणि बॉल समोरच्याला देऊन टाकते. पिछाडीवरच्या टीमला बॉल घेण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणजे हरत असल्यामुळे ताबा वाढतो, असंही होतं. त्यामुळे सामना संपल्यावर एकच आकडा बघणं पुरेसं नाही. स्कोअर काय असताना तो ताबा होता, हे विचारावं लागतं.

आता एक जुनी गंमत. इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप नावाचे हवाई दलातले अधिकारी होते. १९५० पासून ते सामन्यांची हातानं टिपणं काढायचे. १९६८ मध्ये त्यांनी बर्नार्ड बेंजामिन यांच्यासोबत शोधनिबंध लिहिला. निष्कर्ष असा की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या चालींतून होतात. मग कशाला हवेत लांबलचक पास? उचला बॉल आणि मारा पुढे! इंग्लंडमध्ये या विचाराचा बराच प्रभाव पडला.

यात चूक कुठे आहे? समजा, एक हजार चाली आहेत. त्यातल्या नऊशे छोट्या, त्यातून आठ गोल. शंभर लांब, त्यातून दोन गोल. दहापैकी आठ गोल छोट्या चालींतून झाले, हे खरंच. पण छोट्या चालीत गोलचं प्रमाण शेकड्याला एकाहूनही कमी, आणि लांब चालीत शेकड्याला दोन! छोट्या चालींचे गोल जास्त दिसतात, कारण मुळात चालीच छोट्या जास्त असतात. ह्यूज आणि फ्रँक्स यांनी २००५ मध्ये हा हिशोब नव्यानं मांडला. लांब चालींतून गोलवर फटके जास्त निघतात, असं त्यांना दिसलं. पण झटपट चालींतल्या फटक्यांचं गोलमध्ये रूपांतर जास्त होतं, हेही त्यांनी नोंदवलं. साहजिक आहे. तुम्ही वीस पास देईपर्यंत समोरचे दहा जण जागेवर येऊन उभे राहिलेले असतात.

म्हणजे ताब्याचा उपयोग काहीच नाही का? आहे, आणि तो आपण विसरतो. बॉल आपल्याकडे असताना समोरचा गोल करू शकत नाही. २००८ चा युरो, २०१० चा वर्ल्ड कप, २०१२ चा युरो. या तीन स्पर्धांमध्ये स्पेन बाद फेरीचे दहा सामने खेळलं आणि त्यात एकही गोल खाल्ला नाही. २०१० मध्ये बाद फेरीचे चारही सामने १-० असे जिंकले. आक्रमण म्हणून मिरवलेली ही पद्धत खरं तर बचावाची ढाल होती!

आणि हेही लक्षात घ्या: २०१० चा पहिलाच सामना स्पेन स्वित्झर्लंडकडून ०-१ असं हरलं होतं, बॉल बहुतांश आपल्याकडे ठेवून. तेव्हाही टीका झाली. प्रशिक्षक देल बोस्के यांनी पद्धत सोडली नाही, आणि महिन्याभरानं कप हातात होता. २००८ आणि २०१२ मध्ये एकेक शूटआउट याच स्पेननं जिंकलं, तेव्हा पद्धत थोर ठरली. २०१८ आणि २०२२ मध्ये शूटआउट हरलं, तेव्हा पद्धत मेली. बारा यार्डांवरच्या पाच फटक्यांवरून एकशेवीस मिनिटांचा न्याय करायचा का?

मग पराभवानंतर विचारायचं काय? आम्ही तीन प्रश्न सुचवतो. बॉल होता, पण पेनल्टी बॉक्समध्ये किती वेळा पोचला? फटके कुठून मारले, जवळून की तीस यार्डांवरून? आणि बॉल गेल्यावर आपण उघडे पडलो का? मोरोक्कोविरुद्ध पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं वाईट होती. तिथे ‘नशीब’ म्हणून सुटका नाही. स्वित्झर्लंडविरुद्ध स्पेनला संधी मिळाल्या होत्या, एक फटका तर आडव्या दांड्यावर आपटला. तिथे धीर धरणं योग्य होतं. दोन्हीकडे ताबा जास्तच, पण दुखणं वेगळं.

शेवट स्पेनवरच करू. १५ जून २०२४, युरोचा पहिला सामना. स्पेननं क्रोएशियाला ३-० हरवलं, आणि ताबा निम्म्याहून कमी होता. अधिकृत स्पर्धांतल्या सामन्यांत असं २००८ च्या युरो फायनलनंतर प्रथमच घडलं. ती फायनलही स्पेननंच जिंकली होती, बरं का! यामाल आणि निको विल्यम्स असे दोन वेगवान विंगर हाताशी होते. पास देणं त्यांनी सोडलं नाही. जागा दिसली की थेट पुढे जायचं, एवढं मात्र त्यात जोडलं. १४ जुलैला बर्लिनमध्ये इंग्लंडला २-१ हरवून कप घेतला.

तेव्हा पुढच्या वेळी आपली टीम हरली आणि कुणी ‘सत्तर टक्के बॉल आपल्याकडे होता’ असं म्हणालं, तर त्याला हसू नका आणि लगेच मानही डोलवू नका. एवढंच विचारा: ‘होता ना, पण कुठे होता?’ खरी चर्चा तिथून सुरू होते.