आकडा जिल्ह्याचा, परिणाम कोणाचा? नाशिकच्या शाळांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा एखाद्या जिल्ह्यातील शाळांवर काय परिणाम झाला हे मोजायचे, तर आजच्या स्थितीची तुलना धोरण आलेच नसते तर जी स्थिती असती तिच्याशी करावी लागते. यातली पहिली स्थिती दिसते, दुसरी कधीच दिसत नाही. मोजणीतली सारी अवघड कामे या न दिसणाऱ्या बाजूची आहेत. नाशिक जिल्ह्यात आकड्यांची वानवा नाही. यू-डायस प्लसमध्ये प्रत्येक शाळेची माहिती दरवर्षी भरली जाते, ‘असर’ची पाहणी गावोगाव होते, राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि त्याचा नवा अवतार असलेले ‘परख’ सर्वेक्षण जिल्हावार निकाल देतात. या प्रत्येकाचा हेतू मात्र वेगळा आहे, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला जोडले की गैरसमज सुरू होतात.

गैरसमज : धोरण २०२० मध्ये आले, म्हणून त्यानंतरची प्रत्येक वाढ किंवा घसरण त्याच्या खात्यात जमा करावी.

वस्तुस्थिती : केंद्रीय मंत्रिमंडळाने धोरणाला मंजुरी दिली ती २९ जुलै २०२० रोजी. शिक्षण समवर्ती सूचीत असल्याने शाळेपर्यंतचा पुढचा प्रवास राज्याच्या निर्णयांवर अवलंबून असतो. महाराष्ट्राने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलेल्या वेळापत्रकात नवा अभ्यासक्रम पहिलीला २०२५-२६ मध्ये लागू झाला. दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावीसाठी २०२६-२७, तर आठवी, दहावी आणि बारावीसाठी थेट २०२८-२९ हे वर्ष ठरले. पायाभूत वाचन आणि गणनाचे ‘निपुण भारत’ अभियान जुलै २०२१ मध्येच सुरू झाले होते, म्हणजे एकाच धोरणाचे तुकडे शाळेत वेगवेगळ्या वर्षी पोहोचले. त्यामुळे ४ डिसेंबर २०२४ च्या परख सर्वेक्षणातील नाशिकचे गुण नव्या अभ्यासक्रमाचे यश किंवा अपयश असूच शकत नाहीत. तेव्हा तो कोणत्याही वर्गात नव्हता.

२०२१ च्या आकड्यांचा तर याहून मोठा घोळ आहे. त्या वर्षीचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. महाराष्ट्रात ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे आणि शहरांतील आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबरला उघडले होते. तिसरीचे वर्ग नियमित सुरू झालेलेच नव्हते. त्या दिवशी मोजले गेले ते दीड वर्षाच्या बंद शाळांचे नुकसान. शिवाय २०१७ आणि २०२१ मध्ये तिसरी, पाचवी आणि आठवी तपासली गेली (२०२१ मध्ये दहावीही), तर २०२४ मध्ये तिसरी, सहावी आणि नववी. पाचवीच्या जुन्या टक्केवारीसमोर सहावीची नवी टक्केवारी ठेवून काढलेला आलेख सरळसरळ चुकीचा असतो.

जिल्ह्याचा आकडा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळांचा निकाल, हीदेखील अशीच पक्की समजूत आहे. सर्वेक्षणाच्या नमुन्यात शासकीय, अनुदानित आणि खासगी अशा सगळ्या शाळा असतात. नाशिकमध्ये जिल्हा परिषदेबरोबर नाशिक आणि मालेगाव या दोन महापालिका शाळा चालवतात, मालेगावात उर्दू माध्यमाच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत, आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत आणि १९१४ पासून काम करणाऱ्या मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या संस्थांचे मोठे जाळे आहे. ‘असर’ याच्या उलट घरी जाऊन मुलांना वाचायला देते, त्यामुळे शाळेत न जाणारे मूलही तिथे मोजले जाते. पण ती पाहणी फक्त ग्रामीण भागाची असते. जिल्ह्यातील ३० गावे आणि प्रत्येक गावात २० घरे असा तिचा नमुना आहे. ६०० घरांवरून जिल्ह्याचा अंदाज बांधता येतो. पंधरा तालुक्यांपैकी सुरगाण्याचे काय आणि निफाडचे काय, हे त्यावरून सांगता येत नाही.

गैरसमज : पटावर नाव आहे म्हणजे मूल शाळेत आहे.

वस्तुस्थिती : नाशिकमध्ये या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून कोणतीही मोजणी खरी ठरत नाही. पावसाळ्यातली शेती संपली की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतील अनेक कुटुंबे दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. छाटणी, विरळणी, डिपिंग, मग काढणी असा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो आणि आईबापांबरोबर मुलेही जातात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड या सोयी आहेत. तरी नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या एका दिवशी शाळेत घेतलेली चाचणी हजर मुलांचीच असते. ज्यांचे शिक्षण सर्वांत जास्त तुटते तेच नमुन्यातून गळतात, आणि सरासरी आहे त्यापेक्षा बरी दिसते.

दुसरी अडचण पटाला चिकटलेल्या लाभाची आहे. संचमान्यतेत शिक्षकांची पदे पटावर ठरतात, पोषण आहाराचा तांदूळही पटावर मिळतो. ज्या आकड्यावर पदे टिकतात तो आकडा फुगण्याचा धोका कायम असतो. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी विशेष पटपडताळणी करावी लागली ती याच कारणाने. आता आधार जोडणीने दुबार नावे पकडली जातात. पण आधारच्या तपशिलात चूक असलेले खरे मूलही त्यात अडकते. म्हणून एखाद्या वर्षी पट घसरला तर मुले गेली की नोंदीची पद्धत बदलली, हे आधी पाहावे लागते. यू-डायस प्लसनेही २०२२-२३ पासून शाळावार बेरजेऐवजी विद्यार्थीनिहाय नोंद सुरू केली. आधीच्या आणि नंतरच्या पटाची थेट वजाबाकी त्यामुळे करता येत नाही.

काही परिणाम तर कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. इगतपुरी तालुक्यात भाम धरणाजवळील दरेवाडीची शाळा बंद झाल्यावर २०२२ मध्ये तिथली मुले शेळ्या घेऊन जिल्हा परिषदेवर आली आणि दप्तर परत घ्या, शेळ्या द्या, असे म्हणाली. शाळा बंद झाली की नोंदीत एक शाळा कमी होते आणि मुलांची नावे दुसऱ्या पटावर जातात, बेरीज जुळते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असायला हवी. घर ते नवी शाळा हे अंतर, वाटेतला ओढा, त्यामुळे बुडालेले दिवस हे प्रत्येक मुलासाठी वेगळे नोंदवले तरच कमी पटाच्या शाळा एकत्र करणाऱ्या समूहशाळांसारख्या निर्णयाचा परिणाम कळेल. ही नोंद मागणे हा पालकांचा हक्क आहे.

गैरसमज : खासगी शाळेतील मुले पुढे दिसतात, म्हणजे २५ टक्के राखीव प्रवेशाने मुलाची प्रगती होतेच.

वस्तुस्थिती : शिकलेले, कमावते पालक खासगी शाळा निवडतात; दिसणारा फरक घराचा आहे की शाळेचा, हे साध्या तुलनेत कळत नाही. पण शिक्षण हक्क कायद्यातील हे प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतात, आणि सोडत हे मोजणीचे उत्तम साधन आहे. अर्ज दोघांनी केला, एकाचा नंबर लागला, दुसऱ्याचा नाही. दोघांत फरक केवळ नशिबाचा. असे दोन गट काही वर्षांनी तपासले की शाळेचा वाटा वेगळा काढता येतो. आंध्र प्रदेशात २००८ ते २०१२ दरम्यान कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी सोडतीने खासगी शाळेची शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांचा असाच अभ्यास केला. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोन्ही गट सारखे निघाले. हिंदीत खासगी शाळेतील मुले पुढे होती. नाशिकच्या सोडतीतही असा अभ्यास करता येईल. त्याचे उत्तर मात्र ज्यांना अर्ज भरता आला त्यांच्यापुरतेच राहील.

एका शाळेवरून धोरणाचा निवाडा करण्याची सवयही सोडायला हवी. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हिवाळीची वर्षभर भरणारी शाळा कौतुकाला पात्र आहे, पण ती तालुक्याची सरासरी सांगत नाही. लहान शाळेत टक्केवारी उगाच उड्या मारते : वर्गात आठ मुले असतील आणि सहा वाचत असतील तर ७५ टक्के, पुढच्या वर्षी पाच वाचली तर ६२.५. एका मुलाच्या फरकाला ‘घसरण’ म्हणून शिक्षकाला नोटीस देणे अन्यायाचे आहे. जिल्ह्यांच्या श्रेणी निर्देशांकाबाबतही सावध राहावे. त्याच्या ६०० गुणांपैकी निष्पत्तीला २९० आहेत. उरलेले वर्गातील अध्यापन, सुविधा, सुरक्षितता, डिजिटल साधने आणि कारभाराचे आहेत. श्रेणी सुधारली म्हणजे मुले जास्त वाचू लागली, असा अर्थ निघत नाही.

नवा अभ्यासक्रम त्या त्या इयत्तेला राज्यभर एकाच वर्षी लागू होत असल्याने तुलनेसाठी ‘धोरण न आलेला’ तालुका नाशिकला मिळणार नाही. उरते ती इयत्तांची तुलना : त्याच शाळेत, त्याच शिक्षकांकडे, नवा अभ्यासक्रम पोहोचण्याआधीची तुकडी आणि नंतरची तुकडी. त्यासाठी आधीच्या तुकडीची चाचणी ती वर्गात असतानाच घ्यावी लागते, द्राक्षबागेत गेलेल्या मुलांसह. एकदा ती पुढे गेली की ती नोंद परत मिळवता येत नाही.