गाण्यामागची तीन नावं

आज माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करतो.

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आठवीच्या मुली 'ऐरणीच्या देवा तुला' हे गाणं बसवत होत्या. निवेदन लिहिणाऱ्या मुलीने विचारलं, "सर, इथे संगीतकार आनंदघन लिहिलंय. हे कोण?" मी वहीतून मान वर न काढता सांगून टाकलं, "जुन्या काळातले एक संगीतकार होते." तिने ते तसंच लिहिलं आणि कार्यक्रमात माईकवर वाचलंही. कार्यक्रम संपल्यावर एका मुलीच्या आजी मला गाठून म्हणाल्या, "सर, चुकलं बघा तुमचं. आनंदघन म्हणजे लताबाईच की ओ!"

आजींचं बरोबर होतं. 1963 ते 1969 या काळात 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' आणि 'तांबडी माती' या 4 चित्रपटांना लता मंगेशकरांनी 'आनंदघन' या नावाने संगीत दिलं. 'ऐरणीच्या देवा' हे 1965 सालच्या 'साधी माणसं'मधलं. त्याच चित्रपटासाठी 'आनंदघन' यांना राज्य शासनाचा संगीताचा पुरस्कारही मिळाला. म्हणजे ज्यांचा आवाज आम्ही रोज तालमीत ऐकत होतो, त्यांचीच चालही होती, आणि मी मुलांना भलतंच सांगून बसलो होतो. ठाऊक नसेल तर "बघून सांगतो" म्हणायला काय हरकत होती? असो.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली आणि गाणं पुन्हा लावलं. लोहार जोडप्याची ही गोष्ट. भालजी पेंढारकरांचा चित्रपट. पडद्यावर जयश्री गडकर आणि सूर्यकांत. सुरुवातीलाच अडचण आली. वर्गातल्या निम्म्या मुलांनी ऐरण पाहिलेलीच नव्हती! मग फळ्यावर ऐरण काढली, शेजारी भाता, घण, सांडशी. तापलेलं लोखंड ऐरणीवर ठेवून घाव घातला की ठिणग्या उडतात. देवाला आपण फुलं वाहतो. ज्याचं पोट ऐरणीवर चालतं तो काय वाहणार? एवढं विचारून थांबलो. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे वडील वेल्डिंगचं काम करतात, तो पटकन म्हणाला, "ठिणग्या!" त्याने गाण्याचा अर्थच सांगितला होता. त्यानंतर गाणं लावलं तेव्हा ठेक्यात घणाचा ठोका शोधायला मुलांना सांगावं लागलं नाही. बाकांवर बोटं आपोआप वाजायला लागली.

आणि हे शब्द कोणाचे? जगदीश खेबुडकरांचे. पुढे 'पिंजरा'ची गाणी लिहिणारे तेच. पण आपल्या बिरादरीला जास्त आनंद वाटावा अशी गोष्ट म्हणजे खेबुडकर पेशाने शिक्षक होते. हे कळल्यावर एका मुलाने मला विचारलं, "मग सर, तुम्ही का नाही लिहीत?" उत्तर टाळलं.

त्या दिवसापासून मला एक खटकायला लागलं. आपण गाणं आठवतो ते गायकाच्या नावाने, आणि मुलं तर पडद्यावरच्या नटाच्या नावाने. 'शुक्रतारा मंद वारा' म्हटलं की अरुण दाते, इथे बहुतेकांचं उत्तर संपतं. सोबत गाणाऱ्या सुधा मल्होत्रा सुद्धा मागे राहतात. चाल श्रीनिवास खळ्यांची, कविता मंगेश पाडगावकरांची. 'सांग सांग भोलानाथ'ही याच पाडगावकरांचं, हे सांगितलं की मुलांचे डोळे मोठे होतात. एकच माणूस पावसाची सुट्टी मागतो आणि तोच इतकं हळवं प्रेमगीतही लिहितो! कवी म्हणजे पाठ्यपुस्तकातला जन्म-मृत्यूच्या सनांचा चौकोन नव्हे, हे समजायला मला तरी याहून सोपी वाट सापडलेली नाही.

रेडिओच्या काळात ही नावं आपोआप कानावर पडायची. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'आपली आवड' लागायचं, तेव्हा निवेदिका गाण्याआधी कवी, संगीतकार, गायक अशी नावं सांगायची आणि फर्माईश करणाऱ्या श्रोत्यांचीही. आमच्या घरात कोणी संगीत शिकलेलं नव्हतं, पण माझ्या आईला शेकडो गाण्यांचे कवी तोंडपाठ होते. ते तिने मुद्दाम पाठ केलेले नव्हते, रोज ऐकून बसले होते. आता मोबाईलवर गाणं थेट सुरू होतं. निवेदिका नाही, आणि व्हिडिओखाली कोणी लिहिलं असेल तेच नाव. तेही कधीकधी साफ चुकीचं.

ध्वनिमुद्रणाच्या अगदी सुरुवातीला तर नावाची गंमतच होती. 1902 मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर मुद्रित झालं. त्यांच्या तबकड्यांत गाणं संपता संपता त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात, "माय नेम इज गौहर जान!" मुलांना हे ऐकवलं की हसू फुटतं. पण त्यामागे कारण आहे. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीतल्या हॅनोवरला. तिथल्या कारागिराला कुठल्या तबकडीवर कोणाचं नाव छापायचं ते कसं कळणार? म्हणून गाणारीनेच ते सांगायचं. जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटांची. त्यातले काही क्षण नावासाठी राखून ठेवावे लागत!

याच्या उलट, नाव मुद्दाम लपवणारेही होते. शांता शेळके यांनी काही गाणी 'डॉ. वसंत अवसरे' या नावाने लिहिली. त्या तेव्हा सेन्सॉर बोर्डाचं काम करत होत्या, म्हणून टोपणनाव. हे ऐकून मुली विचारतात, "पण मग पुरुषाचंच नाव का घेतलं?" विचारू द्या. तासाला रंग अशा प्रश्नांनीच येतो.

आता आम्ही शनिवारच्या शेवटच्या तासाला एक गाणं ऐकतो. वहीत तीन रकाने: गीत, संगीत, गायन. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, लिहायचं नाही. दुसऱ्यांदा शब्दांकडे कान. अडलेला शब्द घरी विचारून यायचं. तिसऱ्यांदा दोन कडव्यांच्या मध्ये कोणती वाद्यं वाजतात ते ओळखायचं. जुनी गाणी तीन-साडेतीन मिनिटांची असल्याने तीनदा ऐकूनही अर्धा तास उरतो. नावांची खात्री चित्रपटाच्या श्रेयनामावलीवरून किंवा तबकडीच्या लेबलच्या फोटोवरून करायची, व्हिडिओखालच्या ओळीवरून नाही.

पालकांनो, यातला मधला भाग तुमच्या घरचा आहे. अडलेला शब्द घेऊन मूल आजी-आजोबांकडे गेलं की ते शब्दावर थांबत नाहीत. कोणत्या टॉकीजला, कोणासोबत, चोरून की सांगून, सगळं निघतं. घाई असली तरी ते ऐकू द्या. एक मात्र कळकळीने सांगतो, "आमच्या वेळची गाणी बघ, नाहीतर तुमची!" हे वाक्य टाळा. ते ऐकलं की मूल कान मिटून घेतं. आणि खरं सांगायचं तर तेव्हाचीही टाकाऊ गाणी भरपूर होती, ती आपण विसरलो एवढंच.

येत्या शनिवारी 'शूर आम्ही सरदार' घेणार आहोत. गीत शांता शेळके, गायन हृदयनाथ मंगेशकर, यावर सगळ्यांचं एकमत आहे. संगीताच्या रकान्यात 'आनंदघन' लिहायचं की 'लता मंगेशकर', यावर मात्र वर्गात दोन तट पडले आहेत. निवाड्यासाठी आजींना बोलावलं आहे.