तापमानांतराचे एकक-रूपांतर

तापमानांतर म्हणजे दोन तापमानांमधील फरक. हा फरक एका मापनश्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत मांडण्याच्या क्रियेस तापमानांतराचे एकक-रूपांतर असे म्हणतात. एखाद्या तापमानाचे रूपांतर आणि तापमानांतराचे रूपांतर या दोन भिन्न क्रिया आहेत. अभियांत्रिकी गणितांत त्यांची गल्लत झाल्यास उत्तर थोडेथोडके नव्हे, तर कित्येक पटींनी चुकू शकते.

स्वरूप

प्रमाण वातावरणीय दाबाखाली पाण्याच्या गोठणबिंदूपासून उत्कलनबिंदूपर्यंतच्या अंतराचे सेल्सियस श्रेणीत १००, फॅरनहाइट श्रेणीत १८० (३२ ते २१२) आणि आता प्रचारातून गेलेल्या रेओम्यूर श्रेणीत ८० भाग होतात. तापमानाच्या रूपांतराचे सूत्र पुढीलप्रमाणे आहे :

फॅ = (९/५) × से + ३२

यातील ३२ हा अंक केवळ दोन श्रेणींची शून्ये वेगवेगळ्या ठिकाणी असल्यामुळे येतो. दोन तापमानांची वजाबाकी करताना तो दोन्हीकडून वजा होऊन नाहीसा होतो आणि उरते ते एवढेच :

फॅरनहाइटमधील अंतर = (९/५) × सेल्सियसमधील अंतर

केल्विन श्रेणीतील अंश सेल्सियसच्या अंशाएवढाच असल्याने २० °से चा फरक म्हणजे २० केल्विनचाच फरक होय, त्यात २७३.१५ मिळवावयाचे नसतात. रँकिन आणि फॅरनहाइट यांचे नातेही असेच आहे.

कालगणनेतील उदाहरण येथे चपखल बसते. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक शके १५९६ मध्ये व निधन शके १६०२ मध्ये झाले. इसवी सन काढण्यासाठी प्रत्येक शकात ७८ मिळवून १६७४ व १६८० ही वर्षे येतात; परंतु मधल्या सहा वर्षांत कोणी ७८ मिळवीत नाही. शकाच्या जागी हिजरी सन घेतल्यास वर्षाची लांबीच निराळी असल्याने अंतराचा आकडाही गुणोत्तराने बदलतो. फॅरनहाइटची गोष्ट या दुसऱ्या प्रकारची आहे.

डेलिल श्रेणी हा एक चमत्कारिक अपवाद मानता येईल. तिच्यात उत्कलनबिंदू ० आणि गोठणबिंदू १५० असल्याने सेल्सियसमधील १० अंशांची वाढ ही तेथे १५ अंशांची घट ठरते.

रुळांतील फट

भारतीय रेल्वेच्या गणितांत रुळाच्या पोलादाचा रेषीय प्रसरणांक ०.००००११५२ प्रति °से धरला जातो. १३ मीटर लांबीचा रूळ ४० °से ने तापला, तर त्याची मुक्त वाढ १३,००० × ०.००००११५२ × ४० म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर होते. हेच गणित फॅरनहाइटमध्ये करावयाचे झाल्यास प्रसरणांकास १.८ ने भागावे लागते (०.०००००६४) आणि तापमानांतरास १.८ ने गुणावे लागते (७२). उत्तर अर्थातच तेच येते.

आता ४० च्या अंतराला तापमान समजून ३२ मिळविले, तर ७२ ऐवजी १०४ येतात आणि वाढ ८.७ मिलिमीटर दिसते. त्यानुसार सांध्यात गरजेपेक्षा मोठी फट ठेवली जाईल व प्रत्येक चाक रुळाच्या टोकावर आदळेल. याउलट प्रसरणांक फॅरनहाइटचा आणि अंतर मात्र सेल्सियसचे घेतले, तर उत्तर ३.३ मिलिमीटर येते. ही चूक अधिक घातक होय, कारण अपुऱ्या फटीमुळे भर उन्हाळ्यात रूळ एकमेकांना रेटून बाजूस वाकू शकतात. अंतरात २७३.१५ मिळविल्यास वाढ ४७ मिलिमीटर निघते. ती इतकी विसंगत असते की सहसा लगेच लक्षात येते. लहान चुकाच नजरेतून निसटतात.

संयुक्त एकके

उष्णतावाहकता, विशिष्ट उष्णता, उष्णता-संक्रमण गुणांक इत्यादी राशींच्या एककांत ‘प्रति अंश’ असे येते तेव्हा तो अंश नेहमी तापमानांतराचाच असतो. म्हणून ‘प्रति °से’ आणि ‘प्रति केल्विन’ यांचे आकडे समान असतात. ब्रिटिश उष्मा एकक प्रति पौंड प्रति °फॅ आणि किलोकॅलरी प्रति किलोग्रॅम प्रति °से यांतही विशिष्ट उष्णतेचा आकडा बदलत नाही.

मापनातील सहिष्णुतेलाही हाच नियम लागू होतो : २५ ± २ °से म्हणजे ७७ ± ३.६ °फॅ. येथे पहिल्या आकड्यास पूर्ण सूत्र व दुसऱ्यास केवळ गुणोत्तर लावले आहे. पॅरिस करारातील (२०१५) १.५ °से ही तापमानवाढीची मर्यादा २.७ °फॅ होते, ३४.७ नव्हे.

मर्यादा

जेथे राशी केवळ फरकावर अवलंबून नसते, तेथे अंतर पुरेसे ठरत नाही. उष्णतेचे प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. ४०० व ३०० केल्विन तापमानांच्या चौथ्या घातांमधील फरक हा १०० च्या चौथ्या घाताच्या १७५ पट आहे. वायूंच्या नियमांतही निरपेक्ष तापमानच घ्यावे लागते.

चिन्हे

तापमान व तापमानांतर यांतील भेद दाखविण्यासाठी काही जुन्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत अंशचिन्ह अक्षराच्या आधी न देता नंतर देण्याची पद्धत होती. अंतरासाठी ‘डेग’ असे स्वतंत्र चिन्हही वापरात होते. वजने व मापे यांच्या तेराव्या सर्वसाधारण परिषदेने (१९६७-६८) ते रद्द केले, ‘अंश केल्विन’ऐवजी नुसते ‘केल्विन’ हे नाव स्वीकारले आणि तापमानांतर केल्विनमध्ये किंवा अंश सेल्सियसमध्ये व्यक्त करण्यास मान्यता दिली. चिन्ह एकच झाल्यामुळे ‘४० °से’ हे तापमान आहे की अंतर, हे आता वाक्याच्या संदर्भावरूनच ठरवावे लागते.