अक्कलकोट : तीर्थ आणि पेठ

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पत्र्याच्या शेडांतून यंत्रमागांची खटखट दिवसभर चालू असते आणि टॉवेल-चादरींच्या गासड्यांनी भरलेले टेम्पो रस्त्याला लागतात. परंतु ज्या गावाच्या वाटेवरून या वसाहतीला नाव पडले ते अक्कलकोट सोलापूरपासून सुमारे 40 किलोमीटरांवर, ज्वारी-तुरीच्या काळ्या रानांत वसलेले आहे, आणि तेथे उतरणाऱ्या बहुसंख्य भाविकांना ते स्वामी समर्थांचे स्थान यापलीकडे फारसे ठाऊक नसते.

वास्तविक हे एका जुन्या संस्थानाचे ठाणे. मोगलांच्या कैदेतून 1707 मध्ये सुटून स्वराज्याकडे निघालेल्या शाहू महाराजांना मराठवाड्यातील पारद गावी लोखंडे पाटलांनी अडविले. त्या चकमकीत पाटील कामास आले, तेव्हा त्यांच्या पत्नीने आपले लहान मूल महाराजांच्या पायांशी घालून अभय मागितले, आणि महाराजांनी अभय तर दिलेच, पण त्या मुलास आपले मानून, पहिल्या विजयाची खूण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले व भोसले हे कुलनामही दिले. याच फत्तेसिंहाने पुढे कर्नाटकच्या स्वाऱ्यांत नाव मिळविले आणि अक्कलकोटची जहागीर त्याच्या घराण्यात आली. शाहूंच्या गादीचे सातारचे राज्य इंग्रजांनी 1848 मध्ये खालसा केले, तरी हे छोटे संस्थान मांडलिक म्हणून 1948 च्या विलीनीकरणापर्यंत टिकून राहिले. राजवाड्याच्या शस्त्रागारातील तलवारी, भाले आणि बंदुका त्या काळाची साक्ष देतात.

याच संस्थानात 1857 च्या सुमारास स्वामी समर्थ आले आणि 1878 मध्ये समाधिस्थ होईपर्यंत येथेच राहिले. राजे मालोजीराव त्यांचे भक्त होते. पण स्वामींचा मुक्काम राजवाड्यापेक्षा वडाखाली आणि चोळाप्पांसारख्या सामान्य गृहस्थाच्या घरी अधिक असे, आणि त्यांची समाधीही चोळाप्पांच्याच घरी आहे. स्वामींच्या अखेरच्या वर्षांतच, 1876-77 मध्ये, सोलापूर प्रांतावर भीषण दुष्काळ कोसळला होता. आज अन्नछत्रात रोज हजारोंच्या पंगती उठतात, तेव्हा हा मुलूख एकेकाळी दाण्यादाण्यास महाग झाला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या अन्नदानाचे मोल अधिक उमगते.

कारण येथला पाऊस बेभरवशाचा. कुरनूर धरणाने बोरी नदीचे पाणी अडविले आणि जेथे ते पोहोचले तेथे ऊस उभा राहिला; इतरत्र शेती बहुतांशी कोरडवाहू. उडीद-मूग निघाले की हस्ताच्या आगेमागे रब्बीची ज्वारी पेरावयाची आणि पुढे काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर व थंडीच्या दवावर भरवसा ठेवावयाचा, ही येथल्या शेतकऱ्याची पिढीजात रीत. या भागातील कडक भाकरीतही तीच काटकसर आहे : पापडासारखी पातळ थापलेली, खरपूस भाजून कडकडीत वाळवलेली ही भाकरी कित्येक दिवस टिकते, तुकडा मोडताना काडकन आवाज होतो, आणि शेंगाचटणी व दही मिळाले की शेताच्या बांधावरही जेवणाची सोय होते.

आगगाडीने मात्र या गावास थोडे बाजूला टाकले. मुंबई-रायचूर लोहमार्ग 1871 मध्ये पुरा झाला, पण अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून बरेच दूर पडले. त्यामुळे रुळावरच असलेल्या, याच तालुक्यातील दुधनीस धान्याची बाजारपेठ जमली, आणि अक्कलकोट मात्र तालुक्याची कचेरी, मठ आणि स्थानिक पेठ यांवरच राहिले.

भाषेच्या बाबतीत महाराष्ट्र-कर्नाटकाची येथली सरहद्द सैल आहे. या सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 मध्ये अक्कलकोट तालुका म्हैसूर राज्यास द्यावा अशी शिफारस केली, ती महाराष्ट्राने अमान्य केली. या वादाची कागदपत्रे दिल्लीच्या दप्तरात साचत राहिली, तरी आडतीत तुरीचे पोते उतरविणारा शेतकरी हमालाशी कानडीत आणि आडत्याशी मराठीत बोलत आला आहे, आणि त्यात काही विशेष आहे असे त्यास कधी वाटलेले नाही.

राजवाड्याचे राज्य गेले, मठाची कीर्ती वाढली, भक्तनिवास उभे राहिले आणि दर्शनास येणाऱ्या पाहुण्यांमुळे गावाच्या उत्पन्नात मोठी भर पडली, हे सर्व खरे. तथापि स्वामी येण्यापूर्वी या गावास ज्वारीनेच जगविले, आणि ज्या वर्षी हस्त बरसत नाही, त्या वर्षी दर्शनास कितीही गर्दी लोटली तरी अक्कलकोटची पेठ मंदच राहते.